कृत्य उघड, कर्ता झाकलेला: ‘कोव्हर्ट’ या शब्दाचा नेमका अर्थ

९ मार्च १९४३ च्या रात्री गोव्यातल्या मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ नावाचं जर्मन मालवाहू जहाज पेटलं. पाठोपाठ जवळच नांगरलेली ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही दोन जर्मन जहाजं आणि ‘अँफोरा’ हे इटालियन जहाजही गेलं. गोवा तेव्हा पोर्तुगालचा होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळापासून ही जहाजं तिथे आसऱ्याला येऊन थांबली होती. आगीचा उजेड अख्ख्या बंदराने पाहिला. खलाशांनीच आपली जहाजं पेटवून बुडवली, अशी बातमी पसरली.

बातमी अर्धी खरी होती. खलाशांनी आपापली जहाजं बुडवली हे खरंच. मात्र त्याआधी एरेनफेल्सच्या डेकवर एक इंग्रज टोळी चढली होती. या जहाजावरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना खबर जाते, असा ब्रिटिशांचा पक्का समज होता. तो ट्रान्समीटर कायमचा बंद करायला ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या ब्रिटिश गुप्त संघटनेने ही मोहीम आखली. टोळीत कोण होतं, तर ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’ या राखीव पलटणींमधले दीडेक डझन लोक. कलकत्त्याच्या व्यापारी कंपन्यांमध्ये नोकरी-धंदा करणारे, बहुतेक मध्यमवयीन. काही जण रेल्वेने कोचीनला गेले, तिथे ‘फीबी’ नावाच्या बार्जवर चढले आणि समुद्रमार्गे गोव्यात आले.

ब्रिटिशांकडे तरबेज जवान नव्हते असं नाही. पण जवान पकडला गेला असता तर तटस्थ देशाच्या बंदरावर ब्रिटनने हल्ला केला, हे उघड झालं असतं. कलकत्त्याचे चार पोट सुटलेले साहेब पकडले गेले असते तर सरकारला कानांवर हात ठेवता आले असते. ही हकीकत जाहीर व्हायला १९७८ साल उजाडलं.

इथे लपवलेलं काय होतं, ते नीट पाहायला हवं. जहाजं जळताना सगळ्यांनी पाहिली. ती लपवण्याचा प्रश्नच नव्हता. लपवायचा होता तो त्यामागचा हात. इंग्रजीत अशा गुप्ततेला ‘कोव्हर्ट’ म्हणतात. मराठी बातम्यांमध्ये तिच्यासाठी ‘गुप्त’ हाच शब्द येतो, आणि ‘सीक्रेट’, ‘क्लँडेस्टाइन’, ‘कॉन्फिडेन्शियल’ या सगळ्यांसाठीही तोच येतो. त्यामुळे एक महत्त्वाचा फरक वाचकापर्यंत पोचतच नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून एक राजकीय प्रश्न निघतो: उद्या कुणी जाब विचारला, तर उत्तर कोण देणार?

‘क्लँडेस्टाइन’ हा ‘कोव्हर्ट’चा सख्खा शेजारी, आणि सगळ्यात जास्त गोंधळ या दोघांतच होतो. अमेरिकी सैन्याच्या शब्दकोशाने दोघांमधली रेघ स्वच्छ आखली आहे. क्लँडेस्टाइन मोहिमेत मोहीमच लपवायची असते. ती झाली हेच कुणाला कळता कामा नये. कोव्हर्ट मोहिमेत मोहीम करवून घेणारा लपवायचा असतो. ती झाली हे जगाला कळलं तरी चालेल, बऱ्याचदा कळावंच लागतं. शत्रूचा पूल उडाला तर तो उडालेला दिसणारच. पण शत्रूच्या टेलिफोनची तार तुम्ही चोरून ऐकताय हे त्याला कळलं, तर तो तार बदलेल आणि तुमचे सगळे कष्ट वाया जातील. म्हणून हेरगिरी साधारणपणे क्लँडेस्टाइन असते, आणि घातपात, सत्तापालट, छुपा प्रचार हे प्रकार कोव्हर्ट असतात.

तार ऐकण्याचं गाजलेलं उदाहरण बर्लिनचं आहे. १९५४-५५ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने पश्चिम बर्लिनमधून पूर्व बर्लिनच्या हद्दीत सुमारे साडेचारशे मीटरचा बोगदा खणला आणि सोव्हिएत सैन्याच्या केबलींना टॅप लावले. मे १९५५ पासून एप्रिल १९५६ पर्यंत, जवळजवळ वर्षभर, संभाषणं ध्वनिमुद्रित होत राहिली. मग सोव्हिएत सैनिकांना हा बोगदा जणू योगायोगाने ‘सापडला’. प्रत्यक्षात केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर खात्याला तो खणायच्या आधीपासून ठाऊक होता. ब्रिटिश खात्यातला जॉर्ज ब्लेक हा त्यांचा माणूस, आणि बोगद्याची योजना ठरली त्या बैठकीत तो हजर होता. पण बोगदा लगेच उघडा पाडला असता तर फितूर कोण याचा शोध सुरू झाला असता. म्हणून ब्लेकला वाचवण्यासाठी केजीबीने आपल्याच सैन्याची संभाषणं शत्रूला ऐकू दिली. ‘आम्हाला कळलंय’ हेच त्यांनी लपवलं. इतकी शुद्ध क्लँडेस्टाइन गुप्तता दुसरी सापडणं कठीण.

दोन्ही शब्द हेरखात्यांच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत, आणि त्यांचं जुनं आयुष्य पाहिलं की आजची छटा जास्त नीट कळते. ‘क्लँडेस्टाइन’ लॅटिनमधल्या ‘क्लाम’पासून आला, त्याचा अर्थ चोरून, नकळत. युरोपात हा शब्द कित्येक शतकं लग्नांच्या संदर्भात वापरला जायचा. घरच्यांना न सांगता, गावात पुकारा न करता लावलेलं लग्न ते ‘क्लँडेस्टाइन मॅरेज’. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत अशी लग्नं रोखायला हुकूम काढला की पॅरिशचा, म्हणजे त्या भागातल्या चर्चचा, पाद्री आणि किमान दोन साक्षीदार हजर असलेच पाहिजेत. इंग्लंडमध्ये हा प्रश्न अठराव्या शतकात शिगेला पोचला. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जबाजारी पाद्री पैसे घेऊन चटावरचं श्राद्ध उरकावं तशी लग्नं उरकून देत. शेवटी १७५३ मध्ये लॉर्ड हार्डविक यांचा कायदा आला आणि त्याच्या नावातच ‘क्लँडेस्टाइन’ हा शब्द होता. स्कॉटलंडला तो लागू नव्हता, त्यामुळे पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावात जाऊन लग्न करू लागली. अशा लग्नात नवरा कोण, बायको कोण याबद्दल संशय नसतो. लपवायचं असतं ते लग्न. आणि ज्याची परवानगी मिळणार नाही म्हणून जे लपवावं लागतं, तिथेच हा शब्द येतो. ‘क्लँडेस्टाइन’मध्ये नियम मोडल्याचा जो वास अजून येतो, तो या जुन्या वापराशी जुळतो.

‘कोव्हर्ट’चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे: झाकलेलं. ‘कव्हर’ हा शब्द त्याच घरातला, म्हणून ब्रिटनमध्ये पूर्वीपासून त्याचा उच्चार ‘कव्हर्ट’ असा होतो. ‘कोव्हर्ट’ हा अमेरिकी उच्चार. पक्षिनिरीक्षकांना हा शब्द वेगळ्याच कारणाने माहीत असतो. पंखाच्या मोठ्या पिसांची मुळं झाकणारी जी छोटी पिसं असतात, त्यांना ‘कव्हर्ट्स’ म्हणतात. शिकारीचं जनावर दडून बसतं त्या झाडोऱ्यालाही ‘कव्हर्ट’ म्हणतात. पण मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो तो इंग्लंडच्या जुन्या कायद्यातला वापर. तिथे विवाहित स्त्रीला ‘फेम कोव्हर्ट’ म्हणत, म्हणजे झाकलेली स्त्री. लग्न झालं की कायद्याच्या लेखी तिचं स्वतंत्र अस्तित्व नवऱ्याच्या छत्राखाली जाई. तिची मिळकत त्याच्या ताब्यात, तिच्या कर्जालाही तोच जबाबदार. १८८२ च्या कायद्याने मिळकतीपुरतं हे बहुतांश संपलं. या वापरात गुपित काहीच नाही. बाई सगळ्यांसमोर वावरते, पण जबाबदारी कुणाच्या नावावर, हे झाकणावरून ठरतं. हेरखात्याचा अर्थ यातूनच आला असं मी म्हणत नाही, पण ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न या शब्दाला जुनाच आहे, एवढं मात्र दिसतं.

रोजच्या इंग्रजीत हा फरक थोडा पातळ होतो, तरी नाहीसा होत नाही. चोरटी नजर ‘कोव्हर्ट’ असू शकते, कारण पाहणं समोरच चाललेलं असतं, हेतू झाकलेला असतो. प्रेमिकांची चोरून झालेली भेट ‘क्लँडेस्टाइन’. आणखी दोन शब्द याच वस्तीत राहतात आणि दोघांच्या मुळाशी चोरी आहे. ‘सरेप्टिशस’ म्हणजे कुणाच्या नकळत झटकन काहीतरी साधून घेणं, जसं परीक्षेत बाकाखाली चिठ्ठी सरकवणं. ‘फर्टिव्ह’ हा लॅटिनमधल्या चोराच्या शब्दावरून आलेला. त्यात माणसाच्या चेहऱ्यावरची धास्ती दिसते. मोठ्या, आखीव, संघटित कामांना हे दोन्ही शब्द शोभत नाहीत. ‘कॉन्फिडेन्शियल’ मात्र सर्वस्वी वेगळा. तिथे लपवाछपवी नसते, विश्वासाने सांगितलेलं विश्वासाने राखायचं असतं. डॉक्टरकडची माहिती कॉन्फिडेन्शियल असते, कोव्हर्ट नसते.

आता ‘कोव्हर्ट’चा राजकीय अर्थ पक्का कधी झाला ते पाहू. १८ जून १९४८ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने अध्यक्ष ट्रूमन यांच्या काळात एक निर्देश काढला. त्याचा गाभा असा: या मोहिमा अशा आखायच्या की अमेरिकी सरकारचा हात बाहेरच्यांना दिसू नये, आणि दिसलाच तर सरकारला तो पटेल अशा रीतीने नाकारता यावा. यालाच पुढे ‘प्लॉझिबल डिनायबिलिटी’ म्हणू लागले. मराठीत आपण ज्याला नामानिराळं राहणं म्हणतो, त्याचीच ही सरकारी, आधीपासून बेतलेली आवृत्ती. गुप्तता राखण्याची सोय त्यात आहेच, पण गुप्तता फुटल्यावर काय बोलायचं याचीही तजवीज आहे. ‘कोव्हर्ट’ शब्दाचा खरा कस या दुसऱ्या भागात लागतो.

तो कस किती महाग पडतो हे एप्रिल १९६१ मध्ये क्यूबात दिसलं. फिडेल कॅस्ट्रोची सत्ता उलथवायला सीआयएने क्यूबातून परागंदा झालेल्या सुमारे चौदाशे लोकांची फौज तयार केली. ही क्यूबन लोकांची आपली आपण लढाई आहे, अमेरिकेचा काही संबंध नाही, असं जगाला दिसायला हवं होतं. १५ एप्रिलला क्यूबाच्या हवाई दलाची खूण रंगवलेल्या बी-२६ विमानांनी क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. त्याच दिवशी असंच रंगवलेलं एक विमान गोळ्यांच्या खुणांसह मायामीत उतरलं आणि वैमानिकाने सांगितलं की आपण कॅस्ट्रोच्या हवाई दलातून फुटून आलो आहोत. संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी त्या विमानाचा फोटो पुरावा म्हणून दाखवला. त्यांना स्वतःलाही खरं सांगितलेलं नव्हतं. मात्र पत्रकारांनी विमान नीट पाहिलं. क्यूबाच्या बी-२६ विमानांचं नाक पारदर्शक प्लास्टिकचं होतं, मायामीत उतरलेल्याचं भरीव धातूचं. एवढ्यावर सोंग उघडं पडायला लागलं. ग्वाटेमालात या फौजेचं प्रशिक्षण चालू असल्याची बातमी तर जानेवारीतच अमेरिकी वृत्तपत्रात छापून आली होती.

खरा घात पुढे झाला. हात दिसू नये म्हणून अध्यक्ष केनेडींनी उतरण्याची मूळ जागा बदलून जास्त आडबाजूची, ‘बे ऑफ पिग्स’ची, निवडायला लावली. हात दिसू नये म्हणूनच दुसरा हवाई हल्ला रद्द झाला. १७ एप्रिलला फौज किनाऱ्यावर उतरली तेव्हा कॅस्ट्रोची उरलेली विमानं हवेत होती, आणि तीन दिवसांत सगळं संपलं. सुमारे बाराशे लोक कैद झाले. लढाई जिंकण्यासाठी जे करायला हवं होतं आणि हात लपवण्यासाठी जे करायला हवं होतं, ते एकमेकांच्या विरुद्ध होतं. शेवटी केनेडींनी जाहीरपणे जबाबदारी घेतली. म्हणजे ज्यासाठी एवढी किंमत मोजली, ती गोष्टही हाती राहिली नाही.

त्याच्या वर्षभर आधी एक क्लँडेस्टाइन मोहीम काही दिवसांत स्वतःचा प्रकार बदलताना दिसली होती. १ मे १९६० ला सोव्हिएत हद्दीत यू-टू हे अमेरिकी टेहळणी विमान पाडलं गेलं. अमेरिकेने सांगितलं की ते ‘नासा’चं हवामान-संशोधनाचं विमान होतं, वैमानिकाला ऑक्सिजनचा त्रास झाला आणि ते भरकटलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी हे सगळं बोलू दिलं, आणि ७ मेला जाहीर केलं की वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत आहे आणि आमच्या ताब्यात आहे. ११ मेला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी उड्डाणांची जबाबदारी स्वीकारली. हे काम टेहळणीचं होतं, म्हणजे काम लपवण्याचं. ते उघडं पडल्यावर घाईघाईने हात लपवायचा प्रयत्न झाला, आणि त्यासाठी रचलेली गोष्ट जिवंत वैमानिकासमोर टिकली नाही.

भारताच्या वाट्यालाही अशी एक मोहीम आली. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने पहिला अणुस्फोट केला. पुढच्या चाचण्यांवर लक्ष ठेवायला सीआयए आणि भारताच्या गुप्तचर विभागाने मिळून नंदादेवी शिखरावर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज पुरवायला प्लुटोनियमवर चालणारा जनरेटर होता. १९६५ च्या शरदात गिर्यारोहकांची तुकडी वर गेली, पण वादळामुळे सामान डोंगरावरच बांधून परतावं लागलं. १९६६ मध्ये लोक परत गेले तेव्हा जनरेटर जागेवर नव्हता. तो आजपर्यंत सापडलेला नाही. एका अमेरिकी नियतकालिकाने हे १९७८ मध्ये उघड केल्यावर पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत मोहीम झाल्याचं मान्य केलं. इथे कुणाला काही नाकारायचं नव्हतं. दोन्ही सरकारांना एवढंच हवं होतं की मोहीम झाली हेच कुणाला कळू नये. पर्वताखाली राहणाऱ्या, गंगेच्या उगमाकडचं पाणी पिणाऱ्या माणसांनाही तेरा वर्षं काही कळलं नाही. काम लपवलं की कामाचे धोकेही लपतात, ही क्लँडेस्टाइन गुप्ततेची बाजू मला फार अस्वस्थ करते.

काही मोहिमांना मात्र दोन्ही लपवावं लागतं. मार्च १९६८ मध्ये के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी हवाईच्या वायव्येला पॅसिफिकच्या तळाशी, जवळजवळ पाच किलोमीटर खोल, बुडाली. ती उचलून आणण्यासाठी सीआयएने ‘ग्लोमार एक्स्प्लोरर’ नावाचं अवाढव्य जहाज बांधवून घेतलं. अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे काढणार आहेत, असं जगाला सांगितलं गेलं. १९७४ च्या उन्हाळ्यात पाणबुडी उचलताना तिचा मोठा भाग तुटून परत तळाला गेला. एक तुकडा वर आला. त्यात सापडलेल्या सहा सोव्हिएत नौसैनिकांना समुद्रातच दफन केलं गेलं, आणि त्या दफनविधीची फिल्म १९९२ मध्ये रशियाला देण्यात आली.

१९७५ मध्ये बातमी फुटली. एका पत्रकार बाईंनी माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली कागदपत्रं मागितली, तेव्हा सीआयएने दिलेलं उत्तर असं, की अशी कागदपत्रं आहेत हे आम्ही मान्यही करत नाही आणि नाकारतही नाही. हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७६ च्या निकालापासून या उत्तराला जहाजाच्या नावावरून ‘ग्लोमार रिस्पॉन्स’ म्हणतात. नाकारण्यात खोटं पकडलं जायची भीती असते, हे यू-टूच्या वेळी दिसलंच होतं. या उत्तरात पकडायला काहीच नाही, त्यामुळे ते जास्त टिकाऊ आहे, आणि नागरिकासाठी जास्त निष्ठुरही. कारण भांडायला समोर काही विधानच उरत नाही.

आता पुन्हा जबाबदारीकडे. नामानिराळं राहण्याची सोय परदेशासाठी होती, पण ती घरातही वापरली जाऊ लागली. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५ मध्ये परदेशी नेत्यांच्या हत्येच्या कटांची चौकशी केली, तेव्हा हुकूम नेमका कुणी दिला हे ठरवणंच अवघड झालं. अध्यक्षांना पुढे नाकारता यावं म्हणून त्यांच्याशी आडवळणाने, सूचक शब्दांत बोलण्याची पद्धत पडली होती. त्याआधीच, डिसेंबर १९७४ मध्ये, ‘ह्यूज-रायन’ या कायद्यातल्या दुरुस्तीने हे काहीसं बांधलं गेलं होतं: सीआयएच्या अशा प्रत्येक मोहिमेला अध्यक्षांनी राष्ट्रीय सुरक्षेसाठी ती महत्त्वाची असल्याचा निर्णय द्यायचा आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समित्यांना कळवायचं. १९९१ मध्ये ‘कोव्हर्ट ॲक्शन’ची व्याख्याच कायद्यात आली. परदेशातली राजकीय, आर्थिक किंवा लष्करी स्थिती बदलण्यासाठी केलेली कृती, जिच्यातली अमेरिकी सरकारची भूमिका दिसू नये किंवा जाहीरपणे मान्य केली जाऊ नये असा हेतू आहे, ती कोव्हर्ट. निव्वळ माहिती गोळा करणं आणि नेहमीच्या स्वरूपाची लष्करी कारवाई यातून वगळली. म्हणजे क्लँडेस्टाइन हेरगिरीला या व्याख्येचे नियम लागू नाहीत. शब्दांमधला फरक इथे थेट कायद्यातला फरक होतो.

छापा हा यात तिसराच प्रकार. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज लाल महालात शिरले तेव्हा शेवटच्या क्षणापर्यंत गुप्तता कडेकोट होती. पण शाइस्तेखानाची बोटं तुटल्यावर हे कुणी केलं ते दिल्लीपर्यंत कळणं हेच छाप्याचं अर्धं यश होतं. त्याला कोव्हर्ट म्हणता येत नाही. २ मे २०११ ला अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनवर पडलेला छापा स्वभावाने याच जातीचा. जवान नौदलाचे, प्रत्यक्ष नेतृत्व ॲडमिरल मॅकरेव्हन यांचं. तरी कायद्याच्या दृष्टीने तो सीआयएच्या अधिकाराखालचा, म्हणजे कोव्हर्ट होता, असं सीआयएचे तेव्हाचे संचालक लिऑन पॅनेटा यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. आणि काही तासांतच अध्यक्ष ओबामांनी टीव्हीवर येऊन अमेरिकेने ही कारवाई केल्याचं स्वतः जाहीर केलं. कायद्याची व्याख्या हेतूवर बेतलेली आहे, आणि हा हेतू छापा यशस्वी होईपर्यंतच टिकणार होता.